नळ, बोअर, टँकर : तिन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता खरंच हजारात एक?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. धागा पाण्याचा आहे आणि गणिताचाही. दोन्हींतली जाणकार माणसं इथे आहेत म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या सोसायटीत पाणी तीन वाटांनी येतं : नळाचं, बोअरचं आणि टँकरचं. पाणीपुरवठ्यावर जादा खर्च करावा का, हा विषय बैठकीत निघाला तेव्हा एका सदस्यांनी फळ्यावर हिशोब मांडला. नळाला पाणी नाही असा दिवस दहातून एक, बोअर बंद असा दिवस दहातून एक, टँकर मिळाला नाही असा दहातून एक. म्हणून तिन्ही एकाच दिवशी नसण्याची शक्यता १/१० × १/१० × १/१० = १/१०००. पावणेतीन वर्षांतून एखादा दिवस. तेवढ्यासाठी कशाला खर्च? बहुतेकांनी माना डोलावल्या.

गुणाकारात काही चूक नाही. पण तो करायची मुभा आपल्याला आहे का, हे कुणी विचारलंच नाही, आणि मला तोच खरा प्रश्न वाटतो.

गुणाकार का करतात ते आधी दिवस मोजून पाहू. १००० दिवस घ्या. त्यातले १०० दिवस नळ कोरडा. आता या १०० दिवसांत बोअर किती दिवस बंद असेल? फळ्यावरच्या हिशोबानं १० दिवस. आणि त्या १० पैकी टँकर नाही असा १. झाले हजारात एक. पण १०० पैकी १० हे कधी खरं? तर नळ कोरडा असलेल्या दिवशीही बोअर एरवीसारखाच वागत असेल तर. नळ गेलाय याचा बोअरवर काहीच परिणाम नाही, आणि दोघांवर एकदम परिणाम करणारं तिसरं काही नाही, असं असेल तरच. अशा घटनांना स्वतंत्र घटना म्हणतात. अठराव्या शतकात अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञानं याची फार सुटसुटीत व्याख्या केली होती : एक घडल्यानं दुसरीला ना चालना मिळते, ना अडसर होतो.

पुण्यात नळ कधी जातो? मुख्यतः एप्रिल-मे-जूनमध्ये, धरणांत साठा उतरला की. बोअर कधी आटतो? तेव्हाच. टँकर मिळायला कधी मारामार? तेव्हाच, कारण सगळा सिंहगड रोड एकाच वेळी टँकर मागवत असतो.

याचा हिशोबावर किती फरक पडतो ते पाहायला मी आकडे असे धरले. वर्ष ३६० दिवसांचं, त्यातले ९० दिवस उन्हाळ्याचे. उन्हाळ्यात तिन्हींपैकी प्रत्येक वाट बंद असण्याची शक्यता १/४, एरवी १/२०. वर्षाची सरासरी काढा :

१/४ × १/४ + ३/४ × १/२० = ०.०६२५ + ०.०३७५ = ०.१

म्हणजे प्रत्येकाची सरासरी दहातून एक. फळ्यावर होती तीच. आता तिन्ही बंद :

उन्हाळ्यात १/४ × १/४ × १/४ = १/६४
एरवी १/२० × १/२० × १/२० = १/८०००
वर्षभराची सरासरी १/४ × १/६४ + ३/४ × १/८००० = ०.००४

हजारात चार, म्हणजे २५० दिवसांतून एक. फळ्यावरच्या आकड्याच्या बरोब्बर चौपट. आणि त्यातले शंभरातले सत्त्याण्णवहून जास्त उन्हाळ्यातच. एका ऋतूच्या आत मी तिन्ही वाटा स्वतंत्रच धरल्यात, हेही बघा. नुसता ऋतू सामाईक निघाल्यानं हे झालं.

बैठकीतल्या सदस्यांबद्दल मला आदर आहे, ते निदान आकडे घेऊन आले होते. पण पुढच्या बैठकीत हे कसं मांडावं, आणि माझ्या मांडणीत काय सुटतंय, हे तुमच्याकडून हवंय.

वेताळटेकडी

मांडणी आवडली. पण १/४ आणि १/२० हे आकडे आणले कुठून? तुमच्या नोंदींतून, की धरलेले?

सिंहगडरोडकर

धरलेले. दोनच अटी होत्या : वर्षाची सरासरी १/१० राहावी आणि उन्हाळा जड असावा. दुसरे धरलेत तर उत्तर बदलेल, पण उन्हाळा जितका जड धराल तितकं ते १/१००० पासून वर वर जाईल. खऱ्या नोंदी समितीकडे आहेत, त्या मागितल्यात.

शनिवारपेठ

दोन धरणं एकाच दिवशी फुटण्याची शक्यता किती? कुणी विचारलं तर आपण काय करू? एक धरण एखाद्या दिवशी फुटण्याची शक्यता घेऊ, अतिशय छोटी, तिचा वर्ग करू आणि म्हणू की असं होणारच नाही.

१२ जुलै १९६१ ला पुण्यात हेच झालं. सकाळी पानशेत फुटलं आणि त्याच दिवशी खडकवासलाही गेलं. पानशेतचं मातीचं धरण आंबी नदीवर, आणि ते पाणी खाली येतं ते थेट खडकवासल्याच्या जलाशयात. वरचं फुटल्यावर खालच्याच्या अंगावर जे आलं ते पेलण्यासाठी ते बांधलेलंच नव्हतं. मग 'दोन्ही फुटणं' ही दोन घटनांची जोडी उरतच नाही. पहिली घडली की दुसरीची शक्यता लाखात एकवरून थेट 'बहुधा'वर येते.

आमच्या पेठेत त्या दिवसाबद्दल सांगणारी माणसं आता थोडी उरलीत. नदीकाठचे वाडे बसले, पूल पाण्याखाली गेले, आणि पूर ओसरल्यावरही गावाला प्यायला पाणी नव्हतं, कारण गावाचं पाणी खडकवासल्याचंच. पूर आणि पाणीटंचाई एकाच दिवशी! एरवी या दोन गोष्टी एका वाक्यात येत नाहीत. मूळ एकच असलं की येतात.

आजही शहराची मुख्य भिस्त खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांवर. चार आहेत म्हणून चौपट निर्धास्त, असं म्हणता येत नाही. चौघांवर पडणारा पाऊस त्याच घाटातला.

सिंहगडरोडकर

शनिवारपेठ, पानशेतचं उदाहरण बैठकीत सांगणार. पुण्यातल्या माणसाला याहून वेगळं उदाहरण लागू नये. बोअरचंही तसंच आहे. आपल्याखालचा कातळ बेसॉल्टचा, पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत, आणि ते भरतं पावसानंच. नळ आणि बोअर वेगवेगळ्या वाटा दिसतात, पण दोघांच्या मागे पाऊस एकच.

अंकुर_स

सर, मी सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. गुणाकार कधी आणि बेरीज कधी, यात अजून गोंधळ होतो. एक गणित असं : १० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, सगळे अंदाजानं सोडवले. (अ) दहाही बरोबर, (ब) निदान एक बरोबर. (ब) साठी मी १/४ दहा वेळा मिळवले तर २.५ आलं. शक्यता १ पेक्षा जास्त कशी?

सिंहगडरोडकर

अंकुर, २.५ पाहून थांबलास हे उत्तम केलंस. (अ) मध्ये प्रत्येक प्रश्नाचा अंदाज दुसऱ्याला बांधील नाही, म्हणून सरळ गुणाकार : १/४ चा दहावा घात, म्हणजे १०,४८,५७६ मध्ये एक. साडेदहा लाखांत एक.

(ब) मधली बेरीज चालत नाही, कारण 'पहिला बरोबर' आणि 'दुसरा बरोबर' या एकदम घडू शकतात आणि तू त्यांची सरमिसळ दोनदा, तीनदा मोजतोस. नुसती बेरीज करायची तर घटना एकमेकींना वगळणाऱ्या हव्यात : एक घडली की दुसरी घडूच शकत नाही. आणि अशा घटना स्वतंत्र नसतात बरं का, उलट एकमेकींवर पुरत्या अवलंबून असतात. पुष्कळ मुलं या दोन कल्पना एकच समजतात.

'निदान एक' आलं की उलट बाजूनं जा. एकही बरोबर नाही म्हणजे दहाही चूक : ३/४ चा दहावा घात, साधारण ०.०५६. ते एकातून वजा केलं की ०.९४४. 'निदान एक' हे शब्द दिसले की आधी 'एकही नाही' काढायचं, ही सवयच लावून घे. मात्र चुकीच्या उत्तराला गुण कापत असतील तर निदान एक बरोबर येण्यात समाधान मानू नकोस.

अंकुर_स

कळलं सर. 'आणि' म्हणजे गुणाकार, 'किंवा' म्हणजे बेरीज असं क्लासमध्ये लिहून दिलं होतं. त्याच्या पुढच्या अटी वहीत नव्हत्या.

ओंकार_हिंजवडी

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच गणित दुसऱ्या टोकानं जगतो. तुमच्याकडे 'सगळं बंद पडलं तरच पाणी नाही', आमच्याकडे 'सगळं चालू असलं तरच काम होतं'. एका व्यवहारासाठी ३० सेवा एकापाठोपाठ लागतात आणि प्रत्येक सेवा ९९ टक्के वेळा नीट चालते, असं समजा. ऐकायला छान वाटतं. पण तिसही नीट चालण्याची शक्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे ०.७४. चारातला एक व्यवहार अडकणार. प्रत्येक टप्पा ९५ टक्क्यांचा असेल तर १० टप्प्यांतच ६० टक्क्यांवर येता.

नवीन आलेल्या मुलांना मी हे पहिल्या आठवड्यात कॅल्क्युलेटरवर करायला लावतो. नुसतं सांगून पटत नाही. 'प्रत्येक गोष्ट बहुतेक होईल' यावरून 'सगळंच बहुतेक होईल' असं मन आपोआप ठरवून टाकतं.

तळजाई

ओंकार, म्हणूनच लग्नकार्याच्या याद्या फसतात. हॉल, केटरर, फुलवाला, गुरुजी, गाड्या, प्रत्येकाची नव्वद टक्के खात्री. पाचांचा गुणाकार केला तर ०.५९!

पर्वतीपायथा

मी सोसायट्यांचे पंप आणि त्यांचे विजेचे पॅनल बघतो, तीच माझी रोजची कामं. सिंहगडरोडकर, एक विचारू? नळाचं पाणी तुमच्याकडे थेट गच्चीवरच्या टाकीत जातं का?

सिंहगडरोडकर

नाही. खाली जमिनीतल्या टाकीत. तिथून पंपानं वर.

पर्वतीपायथा

आणि बोअरचं? टँकरचं?

सिंहगडरोडकर

तेही त्याच टाकीत. लक्षात आलं तुम्ही काय म्हणताय ते.

पर्वतीपायथा

मग तिन्ही वाटा शेवटी एकाच पंपातून जातात. खालची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी पंप बसला की घरात थेंब नाही. तुमच्या २५० दिवसांतून एक या हिशोबात पंप कुठेच नाही.

पंप ५० दिवसांतून एक दिवस बंद असतो असं धरू. सील गेलं, बेअरिंग बसलं, फेज उडाला आणि मोटर जळली, फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, हे होतच असतं. घरात पाणी यायला दोन गोष्टी लागतात : खालच्या टाकीत पाणी हवं आणि पंप चालू हवा. हे दोन बऱ्यापैकी स्वतंत्र आहेत, म्हणून इथे गुणायला हरकत नाही :

२४९/२५० × ४९/५० = ०.९७६

पाणी नाही, याची शक्यता ०.०२४. म्हणजे साधारण ४२ दिवसांतून एक. फळ्यावर होते १०००, तुम्ही आणले २५०, आणि खरा आकडा ४२ च्या आसपास. तीन वाटांवर कितीही डोकं लढवलं तरी पाणी पंपाशीच अडणार आहे.

वेताळटेकडी

मग दुसरा पंप बसवा. १/५० × १/५० = १/२५००. प्रश्न मिटला.

पर्वतीपायथा

कागदावर मिटला. २५०० धरलं तर एकूण हिशोब २२७ दिवसांतून एक असा येतो, म्हणजे तुमच्या २५० च्या जवळ. पण हा गुणाकारही तसाच तपासायला हवा.

बहुतेक ठिकाणी मी पाहतो ते असं : दोन पंप शेजारी शेजारी, पण पॅनल एकच. एकच मेन स्विच, एका पंपावरून दुसऱ्यावर नेणारा एकच चेंजओव्हर स्विच, टाकीतली पातळी बघून पंप चालू-बंद करणारा एकच फ्लोट. पॅनलमधलं एक टर्मिनल सैल झालं, काळं पडलं, की दोन्ही पंप धडधाकट असून दोन्ही बंद. पॅनल २०० दिवसांतून एकदा बसतो म्हटलं तरी २२७ चे १०७ होतात. दुसऱ्या पंपाला एवढे पैसे घातले आणि त्यातला बराच फायदा पॅनलनं खाल्ला.

दुसरी गोष्ट कागदावर दिसत नाही. एक पंप रिवाइंडिंगला गेला की चार-पाच दिवस दुसऱ्यावर दुप्पट भार येतो. तो पंपही त्याच वर्षी घेतलेला, त्याच पाण्यात, त्याच गाळात चाललेला. मी अनेक ठिकाणी पाहिलंय, पहिला जाऊन आठवडा होत नाही तोच दुसरा जातो. रहिवासी म्हणतात नशीबच खोटं. नशिबाचा काही संबंध नाही, पहिल्याच्या जाण्यानंच दुसऱ्याला ओढलेलं असतं.

नीरजा७

पंपाचं वाचून मला इंग्लंडमधला एक खटला आठवला. विषय गंभीर आहे, पण गुणाकाराची मुभा न तपासल्याची किंमत एखादं माणूस कशी मोजतं ते इथे लिहिणं गरजेचं वाटतं.

सॅली क्लार्क या वकील बाईंची दोन तान्ही मुलं गेली, पहिलं १९९६ च्या अखेरीस आणि दुसरं १९९८ च्या सुरुवातीला. त्यांच्यावर खुनाचा खटला झाला. साक्षीला आलेल्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की अशा सुस्थितीतल्या घरात अर्भकाचा अचानक, कारण न कळता मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. दोन मुलं म्हणजे ८,५४३ चा वर्ग : सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. १९९९ मध्ये त्यांना जन्मठेप झाली.

दोन सख्खी भावंडं! तेच आईवडील, तीच आनुवंशिकता, तेच घर. यांना स्वतंत्र घटना धरायला कसलाच आधार नव्हता. एका घरात असा एक मृत्यू झाला असेल तर दुसऱ्याची शक्यता वाढलेली असू शकते. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं २००१ मध्ये जाहीर निवेदन काढून या आकड्याला संख्याशास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं.

त्यात दुसरा घोटाळाही होता. ७ कोटींत एक ही 'निर्दोष असण्याची शक्यता' असल्यासारखी ऐकली गेली. ती तशी नाही. दोन्ही मृत्यू नैसर्गिक असणं दुर्मीळ, हे खरं. पण आईनं दोन तान्ह्या बाळांचा जीव घेणं हेही अत्यंत दुर्मीळ. तुलना या दोन दुर्मीळ गोष्टींत करायला हवी होती. २००३ मध्ये, न्यायालयापुढे न आलेले वैद्यकीय अहवाल उजेडात आल्यावर, दुसऱ्या अपिलात त्या सुटल्या. तीन वर्षांहून जास्त तुरुंगवास भोगून. २००७ मध्ये त्या वारल्या.

मी संख्याशास्त्र शिकवते. गुणाकाराचा नियम शिकवायला एक तास पुरतो. 'या घटना स्वतंत्र आहेत असं तू कशावरून म्हणतोस?' हा प्रश्न मी वर्षभर विचारत राहते.

तळजाई

वाचून सुन्न झाले. हे शाळेतच शिकवायला हवं.

मुठाकाठ

मी वेगळं विचारतो. नाणं पाचदा उडवलं, पाचही वेळा छापा. सहाव्यांदा काटा यायची शक्यता जास्त नाही का? सहाही छापे येणं तर ६४ मध्ये एकदाच.

नीरजा७

नाही. ६४ मध्ये एक हा आकडा नाणं उडवायला सुरुवात करण्याआधीचा. पाच छापे पडून गेल्यावर ते घडून गेलं, आता त्यात शक्यता उरली नाही. उरला तो सहावा, आणि त्याचा १/२. नाण्याला मागचं आठवत नाही. स्वतंत्र असणं म्हणजे नेमकं हेच. फक्त नाणं खोटं नाही ना, एवढं पाहा.

मावळती

पावसाचं मात्र उलट आहे, त्याला मागचं आठवतं. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसवरून (हवामान खात्याच्या कचेरीवरून) जाताना मला नेहमी हे मनात येतं. जुलैत एखाद्या दिवशी पाऊस पडण्याची शक्यता ६० टक्के धरली, तर तीन दिवस सलग पडण्याची ०.६ × ०.६ × ०.६ म्हणजे २१.६ टक्के निघते. पण पुण्याचा पाऊस दिवसागणिक नाणं उडवत नाही. लागला की चार दिवस झड, गेला की उघडीप. आज पडला असेल तर उद्या पडण्याची शक्यता सरासरीपेक्षा जास्त. त्यामुळे सलग तीन दिवस भिजण्याची शक्यताही वाढते आणि सलग तीन दिवस कोरडे जाण्याचीही. उघड्यावर तीन दिवसांचा कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी नुसता गुणाकार करू नये.

आकडेवाला

सगळे प्रतिसाद वाचले. पण मग एवढंच राहिलं की जगात काहीच स्वतंत्र नसतं आणि गुणाकार करूच नये? मग नियम शिकायचा कशाला?

नीरजा७

करू नये असं नाही. दोन गोष्टी वेगळ्या ठेवू.

जिथे घटनांना जोडणारं काहीच नाही तिथे साधा गुणाकार चोख चालतो. फासे घ्या. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये जुगाऱ्यांपुढे प्रश्न होता : एक फासा ४ वेळा टाकला तर निदान एकदा सहा पडण्यावर पैसे लावावेत का? आणि दोन फासे २४ वेळा टाकले तर निदान एकदा दोन्ही सहा पडण्यावर? वरवर पाहता दोन्ही सारखंच, कारण ४/६ आणि २४/३६ सारखे. पण पहिल्यात १ − (५/६)⁴ = ०.५१८ आणि दुसऱ्यात १ − (३५/३६)²⁴ = ०.४९१. एकात हळूहळू कमवाल, दुसऱ्यात हळूहळू गमवाल. असल्याच प्रश्नांवरून १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या दोन गणितज्ञांत पत्रव्यवहार झाला आणि संभाव्यतेचं शास्त्र उभं राहू लागलं.

जिथे घटना जोडलेल्या आहेत तिथेही गुणाकारच करायचा, फक्त दुसरा आकडा बदलायचा. 'दुसरी घडण्याची शक्यता' न घेता 'पहिली घडली असताना दुसरी घडण्याची शक्यता' घ्यायची. पत्त्यांच्या कॅटमधून दोन पानं काढली, दोन्ही एक्के असण्याची शक्यता? ४/५२ × ४/५२ नव्हे, तर ४/५२ × ३/५१, म्हणजे २२१ मध्ये एक. पहिला एक्का गेला, तीन उरले, पानं ५१ उरली. हा गुणाकार कधीच चुकत नाही. साधा नियम हा याचाच एक सोपा प्रकार, जिथे पहिली घडली-न घडली तरी दुसरीचा आकडा तोच राहतो.

आणि तीन किंवा जास्त घटना असतील तर आणखी एक खाचखळगा. जोड्या-जोड्यांनी स्वतंत्र असणं पुरत नाही. दोन नाणी उडवा. पहिली घटना : पहिल्यावर छापा. दुसरी : दुसऱ्यावर छापा. तिसरी : दोन्हींवर सारखंच पडलं. कुठलीही जोडी घ्या, ती स्वतंत्र निघेल, करून पाहा. पण तिन्ही एकदम? १/८ यायला हवं, येतं १/४, कारण पहिल्या दोन घडल्या की तिसरी घडणारच.

आकडेवाला

हे नाण्यांचं आत्ता कागदावर करून पाहिलं. खरंच १/४ येतं. आभारी आहे, हे मला कधी कुणी दाखवलं नव्हतं.

ओंकार_हिंजवडी

सिंहगडरोडकर, नोंदी हातात आल्या की स्वतंत्र आहेत की नाहीत हे कसं तपासणार?

सिंहगडरोडकर

माझा विचार असा. रजिस्टरमधून नळ बंद असलेले दिवस वेगळे काढायचे. ३६० दिवसांत ते ३६ असतील, तर त्यातल्या किती दिवशी बोअरही बंद होता ते मोजायचं. स्वतंत्र असते तर ३-४ दिवस यायला हवेत. वर धरलेल्या उन्हाळी आकड्यांनी ६.३ येतात. एका वर्षात ४ ऐवजी ६ आले तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो, म्हणून दोन-तीन वर्षांचं रजिस्टर हवं आणि उन्हाळा वेगळा, बाकीचे महिने वेगळे असं मोजायला हवं. टँकरसाठी मग हेच पुन्हा.

पंपाचा हिशोब पर्वतीपायथा यांनी दिलाय तसाच मांडणार. दोन पंप, दोन वेगळे स्टार्टर, दोन वेगळ्या केबल, दोन फ्लोट. आणि दोन्ही पंप एकाच दिवशी नवे घ्यायचे नाहीत.

पर्वतीपायथा

बरोबर. पंप दर आठवड्याला आलटून पालटून चालवा, म्हणजे दुसरा नुसता पडून जाम होणार नाही.

पण टँकरच्या बाबतीत एक शंका. टँकर तुम्ही रोज मागवत नाही ना? नळ आणि बोअर दोन्ही नसले तरच मागवता. मग 'दहातून एकदा टँकर मिळत नाही' हे त्या सदस्यांनी काढलं कशावरून? मागवलेल्या दिवसांवरून काढलं असेल, तर तो आकडा आधीच 'बाकीचे दोन बंद असताना'चा आहे. नीरजाताई म्हणतात तोच.

नीरजा७

फार महत्त्वाचा मुद्दा. तसं असेल तर शेवटचा गुणाकार निर्धास्तपणे करता येतो. नळ-बोअर दोन्ही बंद ३६० मध्ये ६.३ दिवस, म्हणजे ०.०१७५. त्याला १/१० नं गुणा : ०.००१७५. साधारण ५७० दिवसांतून एक. फळ्यावरच्या १००० पेक्षा वाईट, पण धाग्याच्या सुरुवातीच्या २५० पेक्षा पुष्कळ बरं. तुमच्या धरलेल्या आकड्यांत टँकरला उन्हाळ्याचा भार वेगळा जोडला होता, तो या १/१० मध्ये आधीच येऊन गेलेला असेल.

सिंहगडरोडकर

टँकरच्या पावत्या तारखेनिशी फाइलला आहेत, आणि न आलेल्या टँकरच्या नोंदी वॉचमनच्या वहीत. त्या दोन्ही समोर ठेवून आधी हा १/१० कुठल्या दिवसांचा आहे ते शोधतो. तो मागवलेल्या दिवसांचाच निघाला तर टँकरवर जादा खर्च नको आणि सगळे पैसे पंप-पॅनलकडे वळवा, असं बैठकीत मांडीन. पर्वतीपायथा, दोन वेगळ्या स्टार्टरसाठी आत्ताच्या पंपरूममध्ये भिंतीवर किती जागा लागेल ते कळवाल का? खोली लहान आहे आणि एका बाजूला मीटर आहेत.

पर्वतीपायथा

मीटरच्या भिंतीवर काहीही लावू नका. दारासमोरच्या भिंतीचा फोटो आणि मापं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघून सांगतो. ओल असेल तर तेही लिहा.